'आणि त्यातून तुम्ही काय शिकलात?'

आज ऑफिसात जेवणानंतर सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये कोंबलं. एचआरनं कुणीतरी ट्रेनर बोलावला होता. कानाला माईक, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि येताना रंगीत स्टिकी नोट्सचा गठ्ठा. विषय काय, तर तुमचं आयुष्य बदलून टाकणारा अनुभव. तो दोन मिनिटांत सांगायचा, मग त्यातून मिळालेला धडा एका शब्दात चिठ्ठीवर लिहायचा आणि फळ्यावर नेऊन चिकटवायचा.

पहिल्या तिघाचौघांनी बरं निभावलं. कुणी लडाखला बाईकवर गेलं होतं, कुणाला दहावीत कमी मार्क पडले होते. मग आमच्या फायनान्समधली एक जण उठली. एरवी मीटिंगमध्ये तोंडही न उघडणारी बाई. म्हणाली, "२०२१च्या एप्रिलमध्ये मिस्टर गेले. कोविडनं." आणि खाली बसायला लागली.

त्या माणसानं छातीवर हात ठेवला. मोजून तीन सेकंद डोळे मिटले. मग म्हणाला, "थँक यू फॉर शेअरिंग. आणि त्यातून तुम्ही काय शिकलात?"

ती म्हणाली, "रेमडेसिवीर कुठं मिळतं ते."

मला वाटलं, आता तरी हा गप्प बसेल. त्यानं टाळ्या वाजवल्या हो! "ब्यूटिफुल! म्हणजे रिसोर्सफुलनेस!" म्हणत स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर तो शब्द लिहिला आणि फळ्यावर चिकटवला. लडाखच्या शेजारी.

संध्याकाळपासून डोकं भणभणतंय. बायको म्हणाली, लिहून टाक, नाहीतर रात्रभर मला ऐकवशील. म्हणून लिहितोय. लांबेल, आधीच सांगतो.

माझी आत्या सास्तूरच्या बाजूच्या एका गावात दिलेली. नाव नाही लिहीत. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची जी गावं झोपेतच जमीनदोस्त झाली त्यातलं एक, एवढं पुरे. माझ्या फेसबुकच्या यादीतले निम्मे लोक उमरगा, औसा, निलंगा पट्ट्यातले आहेत, त्यांना मी काय सांगणार? बाकीच्यांसाठी सांगतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक उशिरा घरी आले, दमून झोपले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सगळं खाली आलं. जवळपास १० हजार माणसं गेली.

आत्याचा थोरला नऊ वर्षांचा. त्या रात्री मंडळाची पोरं मंडपातच झोपणार होती. विसर्जन झालं की रिकाम्या मंडपात सतरंजीवर लोळत गप्पा मारायच्या, ही पोरांची वर्षाची हौस. यालाही तिथंच थांबायचं होतं. आत्यानं दंडाला धरून घरी आणला. सकाळी शाळा आहे म्हणून. रडत रडत झोपला.

मंडप कापडाचा होता. तो कोसळूनही कुणाला खरचटलं नाही.

घर मात्र माळवदाचं होतं. आमच्याकडची जुनी घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना कळेल. दगडमातीच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, लाकडी खांब, तुळया, आणि वर मातीचा हा जाड थर. उन्हाळ्यात आत एसी लावल्यासारखं गार. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची. पिढ्यानपिढ्या वजन वाढत गेलेलं. दगडांना धरून ठेवायला सिमेंट नाही, नुसता चिखल. भिंत आत पडली. थोरला आणि आत्याची सासू जागेवर गेले. दीड वर्षाचा धाकटा आत्याच्या कुशीत होता, तो आणि ती निघाले. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, शेतात जागलीला होते म्हणून वाचले. नंतर पाऊस. ओल्या लाकडावर मढी जळेनात, म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया ओढून काढल्या. हे मला मामांनी सांगितलं. एकदाच. मी परत विचारलं नाही.

आता 'आयुष्य बदलून टाकणारा अनुभव' म्हणाल तर याच्याएवढा कुठला? बदलली का आत्या? बदलली. त्या दिवसापासून तिनं कुठल्याही लेकराला कुठल्याही गोष्टीला नाही म्हटलं नाही.

आम्ही भावंडं सुट्टीत तिकडं जायचो तेव्हा नवं गाव वसत होतं, ते पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. उन्हात पोहायला जाऊ? जा. चिंचा पाडू? पाडा. आई डोळे वटारायची की आत्या मध्ये पडायची, "जाऊ दे की लेकराला. कशाला धरून ठेवायलीस?" बारावीनंतर मी डीएड सोडून पुण्याला कम्प्युटर शिकायला निघालो तेव्हा वडिलांनी घर डोक्यावर घेतलं होतं. आत्या एसटीनं आली, दारात चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "दादा, जाऊ दे त्याला." वडील तिच्यापुढं कधीच बोलले नाहीत. आज मी हिंजवडीत बसून पांढऱ्या बुटांच्या माणसाचं ऐकतोय ते तिच्यामुळं. (तिला शिव्या देऊ का आशीर्वाद, हे महिनाअखेरीला ठरवतो.)

सगळे पाहुणे म्हणतात, भूकंपानं बाईचं मन मोठं केलं. दुःखानं सोनं झालं तिचं. लग्नकार्यात असं कुणी बोललं की ती उठून आत जाते, भांडी घासायला बसते. मोलकरीण असताना. मोठं मन कसलं डोंबलाचं! ती घाबरलेली बाई आहे. लेकराला अडवायला हात पुढं केला की तिला तो दंड आठवतो. ती परवानगी देत नाही, ती हात मागं घेते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, एवढंच.

आणि या मोठ्या मनाची किंमत कुणी मोजली माहितीय? वाचलेल्या धाकट्यानं. त्याला जन्मात कुणी 'नाही' म्हटलं नाही. सातवीत शाळा बुडवायला लागला, जाऊ दे. नववीत गुटखा, जाऊ दे. दहावीला दोनदा बसला, मग बसलाच नाही. आता तिशी ओलांडलीय, दोन एकर त्यातच गेलं. माणूस वाईट नाही, मला जीव लावतो. पण त्याच्या डोक्यावरून कुणी मायेनं हात फिरवला तसा पाठीत एखादा धपाटाही घातला असता तर वेगळा झाला असता. हे मी आत्यासमोर बोलू शकत नाही. इथं लिहितोय, कारण ती फेसबुकवर नाही.

बरं, आत्याला हा प्रश्न आधीच विचारून झालाय. शेडमध्ये राहत होते तेव्हा गाड्या भरभरून लोक यायचे. कपडे वाटणारे, फोटो काढणारे, फॉर्म भरून घेणारे. एक कॉलेजचा पोरगा फॉर्म घेऊन आला. घरात किती गेले, किती राहिले, जनावरं किती, आणि शेवटी, या आपत्तीतून तुम्हाला काय शिकायला मिळालं? मी तिथंच जमिनीवर बसून मुरमुरे खात होतो. आत्या म्हणाली, "काय शिकायचं बाबा? शाळा होती का ती?" त्या पोराचं तोंड उतरलं. निदान त्याला लाज तरी वाटली. त्यानं 'रिसोर्सफुलनेस' नाही लिहिलं.

शिकायचं होतं ते दुसऱ्यांनी. आमचा भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत सुरक्षित, झोन १मध्ये. आदल्या वर्षी, १९९२ला, किल्लारीकडं धक्के बसले होते. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग कंटाळून आत गेले. दगडचिखलाच्या भिंतीत आरपार जाणारे आडवे बांधदगड घाला, कोपरे बांधून घ्या, माळवदावरची माती कमी करा, हे घरोघरी जाऊन सांगणं हे कुणाचं काम होतं? आत्याचं? नकाशा बदलला २००२मध्ये. झोन १ काढूनच टाकला, आमचा भाग झोन ३मध्ये गेला. नऊ वर्षांनी का होईना, नकाशा शिकला म्हणायचा. पण ज्याचं घर पडलं त्यालाच उभं करून विचारायचं, हां, सांगा, काय धडा घेतलात? अरे, त्यानं काय वर्गात दंगा केला होता का?

आता तुमच्यातला कुणीतरी लिहिणारच, की सगळेच असे नसतात, संकटातून माणसं उभी राहतात. हां, राहतात. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं आमच्याकडची १२०० पोरं पुण्याला नेली, शिकवली. त्यातली कित्येक आज माझ्यापेक्षा चांगल्या जागी आहेत. मान्य. पण त्यांना भूकंपानं घडवलं म्हणणार असाल तर माझ्याशी वाद घाला. त्यांना वेळेवर जेवण मिळालं, गादी मिळाली, पुस्तकं मिळाली, रात्री दचकून उठल्यावर कुणीतरी शेजारी होतं. भूकंपानं फक्त आईबाप नेले. श्रेय द्यायचं तर स्वयंपाक करणाऱ्या बायांना द्या.

लिहिता लिहिता वडील आठवले. आमचं गाव जरा लांब, भिंती तडकल्या, माणसं वाचली. वडिलांना अजूनही पहाटे चारच्या आधी जाग येते. उठतात, अंगणात जाऊन खुर्ची टाकून बसतात, उजाडलं की आत येतात. माझी पोरं म्हणतात, आजोबांना पहाटे उठायची किती छान सवय आहे! शाळेत निबंधात पण लिहून आली थोरली. मास्तरांनी लाल शाईत 'उत्तम' दिलंय. मी काय बोलणार?

हे बदल असेच असतात. एका सकाळी उठून माणूस शहाणा होत नाही. त्याच्यातलं काहीतरी सरकतं, आणि मग आयुष्यभर घरच्यांना त्या सरकलेल्या जागेभोवतीनं वावरावं लागतं. नव्या गावात सरकारनं जमिनीच्या हिशोबानं घरं दिली, २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची. सिमेंटची, पक्की, सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांवर. आत्याच्या वाट्याला ४५०चं आलं. पण कितीतरी वर्षं ती त्या घरात झोपलीच नाही. बाहेर चार बांबूंवर पत्रा टाकून घेतला, त्याखाली बाज. म्हणायची, पत्रा पडला तर डोकं फुटंल, जीव जात नाही. यात कुठला धडा आहे ते सांगा आणि फळ्यावर चिकटवा.

चिडलोय जास्त, कळतंय मला. ट्रेनर बिचारा पोटासाठी करतो. त्याला कुणीतरी शिकवलं असेल की प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारायचा. आणि ऐकणाऱ्यालाही धडा हवाच असतो. समोरच्याचा नवरा गेला, त्यातून निदान काहीतरी चांगलं निघालं असं ऐकलं की आपण चहा प्यायला मोकळे. फायनान्सवाली सुटताना लिफ्टमध्ये भेटली. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली, "अहो, मला चालतं. पाचव्यांदा विचारलं कुणीतरी. आता उत्तर पाठ आहे." आणि हसली. मला हसता आलं नाही.

यावर 'हॅट्स ऑफ टू युवर आत्या' असं कुणी लिहू नका. 'स्ट्राँग लेडी' तर अजिबात नको. ती स्ट्राँग नाही. तिला गुडघेदुखी आहे, जर्दा सुटत नाही आणि सुनेशी रोज भांडण आहे.

त्या भांडणाचंच सांगतो. परवा भावजयीचा, म्हणजे त्या धाकट्याच्या बायकोचा फोन आला. रडत होती. तिचा पोरगा दहा वर्षांचा आहे, त्याला ट्रॅक्टर चालवायचाय. आईनं चावी काढून घेतली. आजीनं उशाखालून ती शोधून नातवाच्या हातात दिली, "चालवू दे की." पोरगं एकटं ट्रॅक्टर घेऊन बांधावर चढलं. उलटला नाही, नशीब. आता भावजय म्हणते, "भावजी, त्या तुमचंच ऐकतात. एकदा बोला ना त्यांच्याशी."

काय बोलू? लेकराला अडव असं आत्याला सांगायचं? मी? मला जायचं होतं तेव्हा हीच बाई दारात उभी राहिली होती. आणि नाही सांगितलं, आणि उद्या तो ट्रॅक्टर उलटला, तर?

उद्या सकाळी फोन करणार आहे. भावजयीला सध्या एवढंच सांगितलंय की बॅटरीची वायर काढून ठेव.