आडनाव टाकून नॉर्वेतला खापरपणजोबा सापडत नाही

'नॉर्वेचं सगळं फुकट ऑनलाइन आहे. आडनाव टाका, जनगणनांतून सरळ 1801 पर्यंत पोचा, उरलेलं लग्नाच्या नोंदीत मिळतं.' नॉर्वेजियन मुळं शोधणाऱ्यांत हा सल्ला फार फिरतो. त्यातलं 'फुकट' तेवढं खरं. सरकारी अभिलेखागाराच्या 'डिजिटालआर्किव्हेट' या संकेतस्थळावर खरोखरच पैसे पडत नाहीत.

आता आडनाव. खेड्यात ते नव्हतंच. हान्सचा मुलगा ओले हान्सेन, ओलेची मुलगी कारी ओल्सदात्तर, आणि लग्नानंतरही ती ओल्सदात्तरच. तिला नवऱ्याच्या नावाखाली शोधणाऱ्याचा आख्खा रविवार जातो. शेवटी जोडलेलं नाव राहत्या शेतवाडीचं. आपला पंढरपूरकर चार पिढ्या पुण्यात राहिला तरी पंढरपूरकरच. तिकडे ओले हान्सेन बाक्केन वाडी बदलून ली इथे गेला, की झाला ओले हान्सेन ली. वाडीवरचं कूळ किंवा गडीसुद्धा, नातं नसताना, त्याच नावाने नोंदलेला सापडतो. त्यात बाक्केन म्हणजे नुसता 'उतार', असल्या वाड्या देशभर. कायमचं आडनाव सक्तीचं झालं ते 1923 च्या कायद्याने.

'सरळ 1801 पर्यंत' हे तर त्याहून गमतीचं. 1801 ची गणना नावानिशी झाली, पण देशभर नावानिशी झालेली त्यानंतरची गणना थेट 1865 ची. मधल्या गणनांत बहुतेक ठिकाणी नुसती डोकी मोजली. शिवाय 1801 मध्ये जन्मगाव लिहिलेलं नाही. लग्न पहिलं की दुसरं, हे मात्र आहे! 1865 च्या तक्त्यात जन्मगाव आहे, गाई किती आणि बटाटे किती लावले तेही आहे, पण वय जपून वाचावं. ते पुढच्या वाढदिवसाचं आणि गणना वर्षअखेरची, त्यामुळे 30 लिहिलेला माणूस 1835 चा नाही, 1836 चा. मधली 64 वर्षं ओलांडायची तर चर्चच्या वह्याच चाळाव्या लागतात.

लग्नाच्या जुन्या नोंदीत बऱ्याचदा वधूवरांची नावं आणि तारीख, बस्स. वडिलांच्या नावाचा रकाना आला तो 1812 च्या आदेशानंतरच्या छापील वह्यांत. आईचं नाव तिथेही सहसा नसतं. मी आधी बघतो ते दोन जामीन, म्हणजे लग्नाला अडचण नाही अशी हमी देणारे, कारण ते पुष्कळदा काका नाहीतर भाऊ असतात. मग वधूच्या बाप्तिस्म्याची नोंद काढायची. तिथल्या साक्षीदारांत जामिनाचं तेच नाव, त्याच वाडीसकट पुन्हा दिसलं, की माणूस आपला.