पूर आला की माणसं घर का सोडत नाहीत?

दर पावसाळ्यात टीव्हीवर ही चर्चा होते. लोक ऐकत नाहीत, लोकांना गांभीर्य नाही, चोरीची भीती वाटते वगैरे. चोरीची भीती असते, खरंय. पण सांगलीच्या पूरपट्ट्यात जरा फिरून विचारा. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कुठंही. सगळी गल्ली रिकामी झाल्यावर जे एखादं घर मागं राहतं, त्या घरात बऱ्याचदा एक म्हैस असते. नाहीतर माळ्यावर लपून बसलेलं मांजर. नाहीतर बारा वर्षांचा म्हातारा कुत्रा, ज्याला कुणीच ठेवून घ्यायला तयार नाही. "मुकं जनावर टाकून कुठं जाऊ? तुम्ही व्हा पुढं," हे वाक्य इथं किती जणांनी ऐकलंय, हात वर करा.

म्हणून मला वाटतं, जनावरांची सोय ही भूतदयेच्या खात्यात टाकायची बाब नव्हेच. माणसं वेळेत बाहेर काढायची असतील तर आराखड्याची सुरुवात गोठ्यापासून करायला हवी.

2005 ला आपल्याकडं कृष्णेला पूर आला आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर अमेरिकेत कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडवलं. तिथं बचावाच्या बोटी आणि बस कुत्र्यामांजरांना घेईनात, तेव्हा कितीतरी लोक बुडत्या घरातच बसून राहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा केला: आपत्तीसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर स्थानिक आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय दाखवा. आपला आपत्ती व्यवस्थापन कायदाही 2005 चाच. पण आपल्याकडं जनावराचा नीट हिशेब होतो तो ते मेल्यावर. 2022 ला ठरलेल्या निकषांप्रमाणे दुधाची म्हैस गेली तर 37,500 रुपये, शेळीचे 4,000, कोंबडीचे 100. त्यालाही पंचनामा लागतो, आणि वाहून गेलेल्या म्हशीचा पंचनामा कशावर करायचा ते तलाठ्यालाच विचारा. कुत्र्यामांजराचं नाव त्या तक्त्यात नाही. नसू दे. भरपाई कोण मागतंय? पाणी यायच्या आधी चार दिवस टेकायला जागा द्या.

खेड्यांना हे सांगावं लागत नाही. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली, आंबेवाडीची माणसं पंचगंगा चढायला लागली की जनावरं घेऊन सोनतळीकडं निघतात. रेडकू पुढं घातलं की म्हैस मागनं येतेच. पण जनावर नुसतं उंचावर नेऊन बांधलं म्हणजे काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी धार काढलेली नसते. नव्या जागी, परक्या हाताला म्हैस पान्हा सोडत नाही. धारा चुकल्या की कास दगडी होते, आणि मग पूर ओसरल्यावरही ते दूध परत येईल याची खात्री नाही. म्हणजे म्हशीबरोबर तिचा माणूस लागतो. तुम्ही माणसाला शाळेच्या वर्गात ठेवलंत आणि म्हैस तीन किलोमीटरवर बांधलीत, तर तो सकाळ-संध्याकाळ पाण्यातून ये-जा करणार. त्याला कितीही नोटिसा द्या. छावणी आणि गोठा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर हवेत, एवढी साधी गोष्ट आहे.

शहरात वेगळीच तऱ्हा. 2019 ला सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या ओळखीचं एक कुटुंब शाळेतल्या निवाऱ्याच्या फाटकावरून कुत्र्यासकट माघारी फिरलं आणि एका गॅरेजात राहिलं. फाटकावरच्या माणसाला मी दोष देत नाही. आत तान्ही बाळं, दमेकरी म्हातारी, कुत्र्याला घाबरणारी पोरं. भिजलेला, भेदरलेला कुत्रा चावू शकतो, आणि लस झालीय की नाही हे कुणाला माहीत? पण त्याच शाळेला पत्र्याचा सायकल स्टँड होता. तिथं अंतर ठेवून, साखळीनं कुत्रे बांधता आले असते. मांजरांना एक बंद खोली पुरते. हे कुणी मुद्दाम नाकारलं नाही, आधी कुणी ठरवलंच नव्हतं.

आता कमेंटमध्ये "आधी माणसांचं बघा" येणार, म्हणून आत्ताच सांगते. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. झेपतील त्याहून जास्त माणसं त्यात होती. त्या गावापुढं उभं राहून बोटीत कुत्र्याला जागा मागायची माझी हिंमत नाही, आणि ती मागायची वेळच येऊ नये. जनावरं टेम्पोतून हलली पाहिजेत, रस्ता कोरडा असताना. सांगलीचा पूर तसा सांगून येतो. कोयनेचा विसर्ग वाढला की आपल्याला कळतं, आयर्विनचे आकडे तासातासाला मोबाईलवर येतात. चिपळूणकरांना 22 जुलै 2021 ला एवढी सवड मिळाली नव्हती, तिथं रात्रीतून पाणी घरात शिरलं. आपल्याला सवड मिळते आणि आपण ती पुलावर पाणी बघण्यात घालवतो. (मीही जाते. सांगलीकर आणि पूर बघायला जाणार नाही?)

आयर्विनला इशारा 40 फुटांना, धोका 45 ला. जनावरांसाठी आकडा वेगळा हवा. माझ्या मते 30 ला गाडी निघाली पाहिजे, कारण खालच्या वस्त्यांत 40 च्या आधीच पाणी दारात असतं. आणि हे काम महापालिकेवर सोडून बसू नये. तरुण मंडळांकडं टेम्पो असतो, ताडपत्र्या असतात, स्पीकर असतो, आणि जुलै-ऑगस्टात गणपतीच्या तयारीमुळं पोरंही हाताशी असतात. मे महिन्यात एक वही घेऊन गल्लीत फिरायचं: कुणाकडं काय जनावर, लस कधी झाली, उचलून न्यायला कोण लागेल, आणि वरच्या भागात ते कुणाच्या घरी जाणार. हे शेवटचं महत्त्वाचं. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक कुत्र्यामांजराला विश्रामबाग, कुपवाड, मिरजेकडचं एक घर आधीच ठरलेलं असलं तर निवाऱ्यावरचा निम्मा ताण तिथंच जातो. गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधीच द्यायची असते, कुत्र्याला रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसची. लसीचं कार्ड आधारकार्डाच्याच पिशवीत ठेवा. पशुवैद्यकीय मदतीचा नंबर 1962.

मांजराचं एक सांगते, कारण लोक तिथंच अडतात. गडबड सुरू झाली की ते माळ्यावर, कपाटामागं, कुठंतरी असं शिरतं की शोधण्यात तास जातो. म्हणून सामान आवरायच्या आधी मांजर एका खोलीत कोंडा. महागडा पिंजरा लागत नाही. भाजीचे दोन प्लॅस्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून चारी बाजूंनी सुतळीनं बांधले की झालं. तळाला घरातली जुनी चादर टाका, वासानं ते गप्प बसतं. वरून ओला टॉवेल नको, कोरडं फडकं.

आणि अगदीच वेळ आली, जनावर मागं ठेवूनच जावं लागलं, तर दावं कापून जा. साखळीही काढा. मोकळी म्हैस पोहून कुठल्यातरी टेकाडाला लागते, मोकळा कुत्रा जिना चढतो. पूर ओसरल्यावर मेलेली सापडतात त्यातली कितीतरी खुंट्यालाच असतात.

आमच्या गल्लीत वही सुरू झालीय. कुत्र्यामांजरांची घरं बऱ्यापैकी लागली. एका पोपटाला दोन घरं भांडतायत. अडलंय ते म्हशींपाशी. मिरज रोडला एक रिकामं शेड मिळतंय, कडबा ठेवायलाही जागा आहे, पण रोजचं शेण कुठं टाकणार यावर मालक अडून बसलेत, आणि त्यांचंही बरोबर आहे. त्या बाजूला कुणाचं शेत असेल आणि पावसाळ्यात शेणखत चालणार असेल, तर कमेंटमध्ये लिहा किंवा इनबॉक्स करा. ट्रॉलीचं भाडं मंडळ देईल.