खपली धरली म्हणजे जखम भरली नव्हे

खानापूरपासून निपाणीपर्यंत बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. जखम झाकू नका, हवा लागू द्या. रोज फेस येईपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइडनं धुवा. वरून हळद नाहीतर तंबाखूची पूड दाबा. शुगरवाल्याची जखम दुखत नसेल तर काळजी नको. महागडी ड्रेसिंग म्हणजे निव्वळ लूट. मी ड्रेसिंग रूममध्ये काम करते. हा मेसेज मला फोनवर नंतर आला, पेशंटच्या पायावर आधी दिसला.

हवेचं आधी बघू. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही प्लास्टिकच्या पातळ कागदाखाली झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. नव्या पेशी कडेनं सरकत येतात, त्यांना ओल लागते. वर टणक खपली बसली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. पण ओल म्हणजे चिखल नव्हे. लावणीच्या दिवसांत शेतात भिजलेली पट्टी तीन दिवस तशीच बांधून लोक येतात, तेव्हा वाटतं, यापेक्षा उघडी ठेवली असती तर बरं.

पेरॉक्साइडचा फेस जंतू मेल्याची खूण नाही. रक्तातलं आणि पेशींतलं एक एन्झाइम त्यातून ऑक्सिजन सोडवतं, त्याचे ते बुडबुडे. रोज ओतलं तर जंतूंबरोबर नव्या पेशीही जळतात. सलाइन किंवा पिण्याजोगं स्वच्छ पाणी पुरतं.

हळदीबद्दल आजीशी भांडायचं नाही, तिच्यातल्या कर्क्युमिनवर संशोधन चालूच आहे. पण डब्यातली हळद, सांगलीची अस्सल का असेना, निर्जंतुक नसते. आम्ही मधही वापरतो, पण गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला. तंबाखूचं मात्र मी मुळीच ऐकून घेत नाही. ऊस तोडताना कोयता लागला की पुडी हाताशीच असते. रक्त थांबतं ते दाबल्यामुळं, आणि दाबायला स्वच्छ फडकं चालतं. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे भरायला लागणारं रक्तच तोडतं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, त्यावर उपाय लस, पूड नव्हे.

आता सगळ्यांत घातक ओळ: शुगरवाल्याची जखम दुखत नसेल तर काळजी नको. शुगर असलेले एक मामा चपलेतला खिळा आठ दिवस तळव्यात रुतवून घेत चालत होते. घरात वास सुटला तेव्हा आले.

“सिस्टर, दुखत न्हाई ओ. एवढं काय कराल्यात?”

“दुखत नाही म्हणूनच, मामा.”

वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून आम्ही ते तपासतो. मामांना पाचपैकी एकाही जागी कळलं नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायात हेच पाहिलं होतं: मांस सडकं नसतं, वेदना नसल्यानं माणूस त्याच जागेवर चालत राहतो. म्हणून मलमाआधी त्या जागेवरचा भार काढायचा, आणि त्याच्याही आधी पायात रक्त पोचतंय का ते बघायचं. रक्तच नसलेलं कोरडं काळं बोट घरी भिजवत बसू नये, तिथं ओलीचा नियम चालत नाही.

लुटीचं म्हणणं निम्मं खरं आहे. जंतू मारायला चांदी घातलेलं ड्रेसिंग प्रत्येक जखमेला लागत नाही. उणे १२५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबानं, म्हणजे शोषून, स्राव ओढणारं मशीन मोठ्या, खोल जखमेला उपयोगी, खरचटण्याला नव्हे. फुगलेल्या शिरांमुळं घोट्याजवळ होणाऱ्या व्हेरिकोज जखमेला तर रक्तपुरवठा तपासून बांधलेली घट्ट पट्टी नुसत्या मलमापेक्षा जास्त कामाची.

मामांना शेवटी जखमेवरचा भार काढायला पायभर प्लास्टर आणि घरी बसणं, एवढंच लागलं. प्लास्टरच्या पैशांबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. लावणी तोंडावर होती, घरी बसायला सांगितलं त्यावर मात्र अर्धा तास भांडले.