६३-३ या निकालाने निवड समिती बरोबर ठरत नाही

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या २०२३ च्या हंगामाविषयी एक विधान अजूनही छातीठोकपणे केले जाते. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ १३ पैकी १३ सामने जिंकूनही, राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफमधून वगळला गेला, आणि चौथी जागा एक सामना हरलेल्या अलाबामाला मिळाली. पुढे ३० डिसेंबरला ऑरेंज बाउल या हंगामाअखेरच्या, प्लेऑफबाहेरच्या सामन्यात जॉर्जियाने त्याला ६३-३ असे धुऊन काढले. म्हणजे प्लेऑफचे संघ ठरवताना त्याला वगळणारी निवड समिती बरोबरच होती. याला पुरवणी म्हणून सांगितले जाते की त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, जायबंदी होता, त्यांची एसीसी कॉन्फरन्स, म्हणजे ते ज्या गटात खेळतात तो गट, दुबळी होती आणि पुढच्याच वर्षी या संघाने १० सामने गमावले.

पहिली अडचण कालक्रमाची आहे. समितीने निर्णय जाहीर केला तो ३ डिसेंबरला, आणि ऑरेंज बाउलमध्ये जो संघ उतरला तो त्या निर्णयानंतर उरलेला संघ होता. खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी नाव नोंदवण्याची मुदत ४ डिसेंबरपासून सुरू झाली. विजेतेपदाची आशा संपल्यावर, व्यावसायिक लीगमध्ये निवड होण्याची खात्री असलेल्यांनी दुखापतीचा धोका का पत्करावा, असा विचार करणे अमेरिकेत आता नित्याचे झाले आहे. परिणामी जेरेड व्हर्स, किऑन कोलमन, जॉनी विल्सन, ट्रे बेन्सन यांच्यासह वीसहून अधिक खेळाडू त्या सामन्यात नव्हते. दुसऱ्या फळीचा क्वार्टरबॅक टेट रोडमेकरही खेळला नाही, म्हणून पहिल्या वर्षाच्या ब्रॉक ग्लेनवर भार पडला. यांतला व्हर्स चार महिन्यांनी व्यावसायिक निवडीच्या पहिल्याच फेरीत घेतला गेला, आणि एकूण १० खेळाडू त्या निवडीत या एका संघातून गेले. प्लेऑफचा सामना असता तर यांतील बहुतेक जण मैदानात दिसले असते, असे मानणेच सयुक्तिक आहे. ज्या निर्णयामुळे संघ विस्कटला, त्या निर्णयाचे समर्थन विस्कटलेल्या संघाच्या पराभवातून करणे हा तर्क स्वतःभोवतीच फिरतो.

यावर उत्तर दिले जाते की जॉर्जियाही वगळला गेला होता आणि त्याचेही काही खेळाडू, उदाहरणार्थ ब्रॉक बॉवर्स, खेळले नाहीत. हे खरे आहे, पण त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक कार्सन बेक खेळत होता आणि गळतीचे प्रमाण दोन्हीकडे सारखे नव्हते. बाउल सामन्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या, ६० गुणांच्या फरकाने हरणे ही राखीव फळीची नामुष्की होती, हे मात्र नाकारता येत नाही.

आता क्वार्टरबॅकचा मुद्दा. हाच खरा विचार करण्याजोगा आहे, कारण समितीचे तत्कालीन अध्यक्ष बू कॉरिगन यांनी निर्णयासाठी याच मुद्द्याचा आधार घेतला होता. मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्धच्या सामन्यात जायबंदी झाला, आणि महत्त्वाचे खेळाडू उपलब्ध नसल्यास ते लक्षात घेण्याची मुभा समितीच्या नियमावलीत होती. त्यामुळे समितीने नियम मोडला, असे म्हणता येणार नाही. परंतु नियमाने दिलेली मुभा म्हणजे सक्ती नव्हे, आणि ट्रॅव्हिसविना संघ कसा खेळतो याचा पुरावा समितीसमोर होता: रोडमेकरसह फ्लोरिडा विद्यापीठावर त्यांच्याच मैदानात २४-१५ असा विजय, आणि रोडमेकरही जायबंदी झाल्यावर ग्लेनसह लुईव्हिलवर १६-६ असा विजय, ज्यातून एसीसीचे विजेतेपद मिळाले. त्या दिवशी आक्रमण रटाळ होते. पण १० सामने जिंकून आलेल्या लुईव्हिलला बचावफळीने एकही टचडाउन (सहा गुणांची मुख्य नोंद) करू दिला नाही. शिवाय याच समितीपद्धतीच्या पहिल्या वर्षी, २०१४ मध्ये, ओहायो स्टेटने तिसऱ्या फळीचा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स याच्यासह प्लेऑफ गाठली आणि राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले. जोन्सने आधी विस्कॉन्सिनला ५९-० असे हरवले होते, आणि १६-६ ची त्याच्याशी बरोबरी होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही तिसरा क्वार्टरबॅक म्हणजे संपलेला संघ, हे गृहीतक त्यातून कोसळतेच.

दुबळ्या कॉन्फरन्सविषयी थोडक्यात. अलाबामाचे वेळापत्रक अधिक कठीण होते, आणि त्यांनी आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात २९ सामने सलग जिंकलेल्या जॉर्जियाला २७-२४ असे हरवले होते, हे मोठेच यश होते. पण फ्लोरिडा स्टेटचा विजय केवळ एसीसीतल्या संघांवर नव्हता. हंगामाच्या आरंभीच त्यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाला (एलएसयू) ४५-२४ असे नमवले. हाच एलएसयू समितीच्या अंतिम यादीत १३ वा होता आणि त्याचा क्वार्टरबॅक जेडेन डॅनियल्स त्या वर्षी सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूसाठीच्या हाइझमन पारितोषिकाचा मानकरी ठरला. त्यांनीच हरवलेला लुईव्हिल १५ वा आणि क्लेम्सन २२ वा होता. अलाबामा मात्र सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर टेक्सासकडून ३४-२४ असा हरला होता. चार संघांच्या पद्धतीत प्रमुख कॉन्फरन्सचा अपराजित विजेता वगळला जाण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि पुढच्या वर्षी १२ संघांची पद्धत आल्यामुळे शेवटचीही.

निकालांवरूनच निर्णय तोलायचा असेल, तर अलाबामाही रोझ बाउलमधील उपांत्य सामन्यात मिशिगनकडून २७-२० असा हरला, भले जादा वेळेत का असेना. त्या पराभवावरून समिती चुकली, असे ६३-३ चा दाखला देणारे म्हणत नाहीत, आणि तसे म्हणूही नये.

राहिला २०२४ मधला २-१० चा हंगाम. तो खरोखर लाजिरवाणा होता, पण ट्रॅव्हिस आणि व्हर्ससह दहाही जण तेव्हा व्यावसायिक संघांकडे गेले होते, आणि ३ डिसेंबर २०२३ ला समितीला तोलायचा होता तो त्यांचा संघ.