सॉफ्टवेअर शिकलं म्हणजे कॅप जमली, असं नाही

‘सॉफ्टवेअर चांगलं येत असलं की दाताची कॅप कोणीही डिझाइन करू शकतो, रुग्णाच्या तोंडातल्या कामाचं ज्ञान आता लागत नाही,’ हा दावा हल्ली दवाखान्यांत आणि लॅबमध्ये सर्रास ऐकू येतो. आम्हाला तो चुकीचा वाटतो, आणि रुग्णाच्या दृष्टीने घातकही. त्यामागची कारणं एकेक करून पाहू.

‘मार्जिन सॉफ्टवेअरच शोधतं.’ मार्जिन, म्हणजे दाताचा तासलेला भाग जिथे संपतो आणि कॅपची कड जिथे बसते ती रेषा, सॉफ्टवेअरला कळत नाही. तासलेल्या दाताच्या स्कॅनमध्ये पृष्ठभाग जिथे एकदम वळतो, तिथे ते रेघ ओढतं. शॅम्फर (कॅपची कड टेकावी म्हणून दातावर तासलेली गोलसर पायरी) स्वच्छ आणि हिरडीच्या वर असेल तर रेघ बरोबर पडते. पण मार्जिन हिरडीखाली अर्धा मिलिमीटर गेलं आणि त्यावर रक्त किंवा लाळ असली, तर स्कॅनर त्या ओलाव्याचाच पृष्ठभाग टिपतो. मग रेघ हिरडीच्या कडेवर जाते, स्क्रीनवर कॅप सुबक दिसते आणि तोंडात मात्र कड उघडी राहते. यावर माउसने उपाय होत नाही. रक्त थांबवायचं, खाली बारीक (००० नंबरची) आणि वर जाड अशा दोन कॉर्ड, म्हणजे हिरडी बाजूला सारणारे दोरे, घालायच्या, वरची काढून लगेच तेवढाच भाग पुन्हा स्कॅन करायचा. रेघ तपासताना स्कॅनचा रंग एकदा चालू आणि एकदा बंद करून पाहावा: रंगात हिरडी वेगळी ओळखू येते, रंगाविना दाताची धार.

‘बाइट स्कॅन आहे ना, उंची आपोआप मिळते.’ बाइट स्कॅन म्हणजे वरचे-खालचे दात मिटलेले असतानाचा स्कॅन, एका क्षणाची स्थिती. बधिर केलेला रुग्ण बऱ्याचदा वाकडं चावतो, आणि सॉफ्टवेअर ते वाकडंच खरं धरतं. म्हणून दात तासण्याआधी ८ मायक्रॉनची शिमस्टॉक पट्टी (दातांचा संपर्क तपासायची अतिपातळ पट्टी) कोणत्या दातांत अडकते ते लिहून ठेवावं. स्क्रीनवर त्याच दातांवर संपर्क दिसत नसतील, तर डिझाइन थांबवून बाइट पुन्हा घ्यावी. शिवाय जबडा बाजूलाही सरकतो. व्हर्च्युअल आर्टिक्युलेटरमध्ये (जबड्याची हालचाल स्क्रीनवर दाखवणाऱ्या साधनात) रुग्णाची मापं भरली नाहीत, तर तो सरासरी कोनांवर चालतो. रात्री दात खाणाऱ्या रुग्णाला उंच, टोकदार कस्प (दाढेवरचे उंचवटे) द्यायचे नाहीत, हे त्याच्या झिजलेल्या दातांकडे पाहूनच कळतं.

‘डिफॉल्ट आकडे ठेवले की झालं.’ दाढेवर लिथियम डायसिलिकेटच्या (एक प्रकारच्या काचेसारख्या सिरॅमिकच्या) कॅपला चावण्याच्या बाजूने साधारण १.५ मिमी जाडी लागते. जागा १ मिमीच असली आणि किमान जाडीची सेटिंग चालू असली, तर सॉफ्टवेअर पृष्ठभाग वर ढकलतं आणि कॅप उंच होते. मग खुर्चीवर ती घासली जाते, पातळ होते आणि पुढे तडकते. खरा दोष दात कमी तासण्यात असतो.

इथे दावा करणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र खरं आहे: सॉफ्टवेअर आणि मशीन समजून घ्यावंच लागतं. तासलेल्या दाताची धार मिलिंगच्या बरपेक्षा (कॅप कोरणाऱ्या मशीनच्या फिरत्या टोकापेक्षा) बारीक असेल, तर बर कॅपच्या आतल्या त्या खाचेत शिरत नाही. कॅप अडकू नये म्हणून सॉफ्टवेअर आतून जास्त पोकळी कोरतं आणि कॅप सैल बसते. हे ठाऊक नसलेला निष्णात दंतवैद्यही फसतो. पण ठाऊक झाल्यावर करायचं काय, तर कडा गोलाकार तासायच्या. ते काम पुन्हा हातातल्या हँडपीसचंच (दात तासायच्या यंत्राचंच).

‘आकार शेजारच्या दातावरून उचलता येतो.’ शेजारचा दात कललेला किंवा फुगीर फिलिंगचा असेल, तर तोच दोष कॅपमध्ये उतरतो. हिरडीजवळ कॅप फुगली की तिथे ब्रश पोचत नाही. शेजारच्या दाताशी संपर्क सैल राहिला तर अन्न अडकतं, म्हणून कॅप सिमेंट करण्याआधी दोन्ही बाजूंना फ्लॉस घालून पाहावा: तो किंचित अडून, न तुटता खाली जायला हवा.