माहिती पुरेशी आहे, काका

डेटा सफिशिअन्सी नावाचा प्रकार ज्यांच्या वाट्याला आला नाही, त्यांनी घरी जाऊन देवापुढे दिवा लावावा. एक प्रश्न असतो, खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं. त्या विधानांच्या जोरावर उत्तर निघेल का, एवढंच ठरवायचं असतं. पर्याय पाच: एकट्या पहिल्याने निघेल, एकट्या दुसऱ्याने निघेल, दोघांपैकी कोणत्याही एकाने निघेल, दोन्ही मिळूनही निघणार नाही, दोन्ही मिळून निघेल. हे पर्याय क्रमाने पाठ असले तरच वेळ पुरतो. माझा भाचा अमेरिकेला जायचं म्हणून जीमॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करतोय, त्याच्याकडे क्रमच निराळा. त्याचा तिसरा पर्याय म्हणजे 'दोन्ही मिळून', माझा तिसरा म्हणजे 'कोणतंही एक'. रविवारी एकत्र अभ्यासाला बसलो आणि दोघांचाही अभ्यास बाटला.

मी बँकेत आहे, कोणत्या ते सोडा. प्रमोशनची परीक्षा तोंडावर आलीय. परवा संध्याकाळी सीएसएमटीला बदलापूर फास्टमध्ये चौथी सीट मिळाली. एक मांडी सीटवर, दुसरी भगवंताच्या भरवशावर, अशा अवस्थेत मी पुस्तक उघडलं. शेजारी तिसऱ्या सीटवर एक काका होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर डब्याची पिशवी, खिशाला दोन पेनं. मस्जिद बंदरच्या कुठल्याशा पेढीवर आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस, हे त्यांनी भायखळ्याच्या आतच सांगून टाकलं.

"मुलाचं का पुस्तक?"

"नाही, माझंच."

त्यांनी मला टकलापासून बुटापर्यंत न्याहाळलं. "प्रमोशन?"

"हो."

"अजून नाही झालं?"

त्या 'अजून'वर समोरच्या सीटवरचे दोघं मोबाइलमधून वर बघायला लागले. मी पानात तोंड घातलं. काकांनीही घातलं.

प्रश्न असा होता: सुरेशचं आजचं वय किती? विधान १: सुरेश बायकोपेक्षा ४ वर्षांनी मोठा आहे. विधान २: ५ वर्षांपूर्वी दोघांच्या वयांची बेरीज ५० होती.

"बत्तीस!" काका म्हणाले.

"काका, वय नाही सांगायचं."

"अहो, हे काय इथे लिहिलंय, 'वय किती?'"

"विचारलंय, पण सांगायचं नाहीये."

"मग काय सांगायचं?"

"सांगता येईल की नाही, ते."

"येतंय का तुम्हाला सांगता?"

"येतंय."

"मग सांगा की!"

आता दारापर्यंतच्या लोकांना सुरेशच्या वयात रस निर्माण झाला होता. उभ्या असलेल्या एकाने, "सांगा ना साहेब, बत्तीस म्हणून. काय जातंय तुमचं?" अशी भर घातली. ब्रीफकेसवर पत्ते टाकत बसलेल्या ग्रुपमधून विचारणा झाली, "बायकोचं किती?" काका म्हणाले, "अठ्ठावीस." "छान जोडा आहे," असा निकाल लागला आणि डाव पुढे चालू झाला.

काकांचं मात्र समाधान होईना. "म्हणजे हॉटेलात बसायचं, पोटभर खायचं, पाकिटात पैसे आहेत एवढं मॅनेजरला दाखवायचं आणि उठून जायचं. तुम्ही बँकवाले असंच करता म्हणा. चेक पास होईल का विचारलं की 'होईल'. कधी, ते नाही."

चेक क्लिअरिंग माझ्याकडे नाही, कर्ज माझ्याकडे आहे. पण हे दादरला आत घुसणाऱ्या लोंढ्याच्या अंगावर ओरडून सांगण्यात अर्थ नव्हता. मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. क्ष ही धन संख्या आहे का? विधान १: क्षचा वर्ग ९ आहे.

"तीन. म्हणजे धन."

"वजा तीनचा वर्गही नऊच येतो, काका."

"वजा तीन म्हणजे उधारी. गल्ल्यात तीन रुपये असणं आणि तीनची उधारी असणं तुमच्या पुस्तकाला सारखंच?"

"म्हणून तर हे विधान अपुरं."

"अपुरं आहे ना? मग मागवून घ्या! पार्टीला पत्र टाका."

ठाण्याला गर्दीने मला उचलून उभं केलं. पुस्तक काकांच्याच हातात राहिलं, ते डोंबिवलीला उतरताना त्यांनी खांद्यांवरून परत पाठवलं.

'मागवून घ्या' हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. परीक्षेत मागवता येत नाही, आणि शाखेत तरी कुठे येतं? फाईल समोर येते. विधान १: पगाराची स्लिप. विधान २: जामीनदार मेहुणा, ज्याची सही प्रत्येक कागदावर नव्या घराण्याची. 'माहिती अपुरी' असा शेरा मारला की साहेब केबिनमध्ये बोलावून मार्च महिना चालू असल्याची आठवण करून देतात. सही होते. मग हप्ता ९० दिवसांच्या वर थकतो, खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि वरून कागद येतो की मंजुरीच्या वेळी आपल्याकडे पुरेशी माहिती असतानाही आपण हे कसं केलंत. तेव्हा अपुरी होती म्हटलं, तर अपुऱ्या माहितीवर सही का केली हा दुसरा कागद तयार असतो. यातून पास झालोच, तर बदली. कुठे, ते आधी सांगत नाहीत. भारतात कुठेही चालेल असं लिहून मात्र आधी घेतात. मुलगी दहावीत आहे, आईचे गुडघे गेलेत, या विधानांना तिथे रकाना नाही. आणि असल्या लोकांनी माझी तर्कशक्ती तपासायची!

पुस्तक आमच्या शाखेतल्या नव्या पीओचं, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरचं. वय चोवीस, पहिल्याच फटक्यात निवड. पूर्वपरीक्षेत तासाभरात १०० प्रश्न, चुकलं की पाव मार्क कट, हे सगळं हसतखेळत करून आलेली. आज काउंटरवर गिऱ्हाईकांसमोरच तिने पुस्तक चाळलं आणि तिचा चेहरा कनवाळू झाला.

"सर, तुम्ही प्रत्येक उत्तर काढत बसता? म्हणून तुमचा वेळ पुरत नाही."

"मी नाही. गाडीत एक काका होते."

"बरं सर," ती म्हणाली. एवढ्या हळुवारपणे की पासबुक भरायला आलेल्या आजींनीही माझ्याकडे मायेने पाहिलं. मग तिने पान उलटलं. ठाणे ते डोंबिवली या वेळात काकांनी अख्खं पान निळ्या पेनाने सोडवून ठेवलं होतं, आणि जिथे उत्तर निघत नव्हतं तिथे खाली लिहिलं होतं: पार्टीकडून खुलासा मागवावा.