लिंबाच्या घड्या

जर्मनांनी किड्यांना नावं ठेवली आहेत ती दोन्ही अर्थांनी. ती इंग्रजीत न्यायची वेळ आली की फजिती मात्र आम्हा अनुवादकांची.

'त्सिट्रोनेनफाल्टर' घ्या. त्सिट्रोने म्हणजे लिंबू, फाल्टर म्हणजे फुलपाखरू; पण 'फाल्टेन' म्हणजे घडी घालणं. त्यावरून तिकडच्या ऑफिसांत मुरलेला एक विनोद आहे: प्रोजेक्ट लीडर प्रोजेक्ट चालवतो असं ज्याला वाटतं, त्याला हे फुलपाखरू लिंबाच्या घड्या घालतं हेही पटेल. इंग्रजीत याचं नाव ब्रिमस्टोन, म्हणजे गंधक. लिंबू गेलं, घडी विस्कटली, हाती गंधक! अशा वेळी मी फुलपाखराची जात सोडून विनोद धरतो. मॅनेजर्स मॅनेज प्रोजेक्ट्स मानणाऱ्याने बटरफ्लाइज फ्लाय बटर हेही मानावं. पतंगासारखं लोणी उडवणारं फुलपाखरू इंग्रजी कानाला खपतं.

ही मुभा विनोदापुरतीच. पक्षी-किड्यांच्या माहितीपुस्तकात आधी लॅटिन नाव शोधायचं, मगच पेन उचलायचं. 'हॉयप्फेर्ट' म्हणजे वाळल्या गवतातला घोडा. नाकतोड्यासारखा दिसतो म्हणून ग्रासहॉपर लिहाल, तर जाणकार त्याच्या मिशा मोजतील. ग्रासहॉपरच्या मिशा आखूड, याच्या अंगापेक्षा लांब. म्हणून हा बुश-क्रिकेट. घोडा मेला, पण नाव बरोबर. मुलांच्या पुस्तकात चित्रकाराने त्याच्यावर खोगीर चढवलं असेल तर मात्र हे-हॉर्सच ठेवावं आणि क्रिकेटला शेजारच्या वाक्यात किरकिरू द्यावं.

'टाउबेनश्वेन्त्सशेन' म्हणजे कबुतराची शेपटुली. इंग्रजीत हमिंगबर्ड हॉक-मॉथ: पतंग एक, पक्षी दोन, कबुतर गायब. शेवटच्या 'शेन'मधला लाडिकपणा आणायला प्रत्येक ठिकाणी 'लिटल' जोडू नये. तिसऱ्या पानावर मळमळतं.

वाक्प्रचारांत सापळे जास्त. चुळबुळ्या मुलाच्या बुडात जर्मन भाषेत गुबगुबीत हुमेल, म्हणजे बंबलबी असतात. इंग्रजीत त्याच्या पँट्समध्ये अँट्स. यमक आयतं मिळतं म्हणून खूश व्हावं, तर पुढच्याच ओळीत लेखकाने त्यांना गुणगुणायला लावलेलं असतं. मुंग्या गुणगुणत नाहीत. म्हणून परिच्छेद संपेपर्यंत वाचल्याशिवाय मुंग्या सोडू नयेत.

'ओअरवुर्म' हा किडाही आणि डोक्यात अडकलेलं गाणंही. इंग्रजीत किडा इअरविग, गाणं इअरवर्म. कोटी दोन्हींवर असेल तर तिथे हात टेकावेत आणि चार ओळी पुढे दुसरी कोटी करून हिशेब चुकता करावा.

'फॉयरवान्त्से' मात्र सरळ फायरबग. शब्दकोशही होकार देतो. पण इंग्रजीत फायरबग म्हणजे आगी लावत सुटलेला माणूसही. बिचारा लाल-काळा किडा लिंडेच्या बुंध्याशी ऊन खात बसलेला असतो, आणि ब्रिटिश इंग्रजीत त्या झाडाला म्हणतात लाइम. तिकडे हरवलेलं लिंबू हे असं नको तिथे उगवतं.